हत्तीपायाची रोजची निगा

डास चावताना शिरलेले हत्तीरोगाचे कृमी लसिकावाहिन्यांत (अंगातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) वर्षानुवर्षे तग धरतात आणि त्या निकामी करून सोडतात. हत्तीरोगावर दिल्या जाणाऱ्या डीईसीच्या (डायइथिलकार्बामाझिन) गोळ्या प्रामुख्याने रक्तातल्या सूक्ष्म अळ्या मारतात. जाड झालेला पाय त्यांनी पूर्वीसारखा होत नाही. शिवाय पुढची सूज वाढते ती बहुतेकदा चिखल्यांतून आणि भेगांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे. ताप-लालीचा प्रत्येक झटका ओसरताना थोडी सूज मागे ठेवून जातो. म्हणून सगळा जोर कातडी शाबूत ठेवण्यावर.

रोज एकदा, शक्यतो रात्री, पाय धुवा. पाणी साधेच घ्या. ऊन पाण्याने बरे वाटते, पण सूज वाढते. साबण सौम्य, बिनवासाचा. आधी उजेडात पाय नीट पाहा: तळवा, टाच, घड्यांच्या आतली बाजू. मग गुडघ्यापासून खाली हाताने किंवा मऊ फडक्याने धुवत या. ब्रश, वजरी नको. ओरखडा म्हणजे जिवाणूंना नवी वाट. पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुवा आणि दुसरा पायही धुवा.

खरी चूक होते पुसताना. बेचक्या आणि वळ्या ओल्या राहिल्या की धुण्याचा अर्धा फायदा गेला. घासू नका, टिपून घ्या. बोटे चिकटलेली असतील तर कापसाचा बोळा किंवा पातळ सुती पट्टी आत सरकवा. चिखल्यांवर १ टक्का क्लोट्रिमाझोल हे बुरशीनाशक मलम लावा. कातडी बरी दिसू लागली म्हणून लगेच थांबवू नका, बुरशी परत येते. व्हिटफिल्ड मलम, हेही बुरशीवरचेच, उघड्या जखमेवर झोंबते, तिथे ते टाळा. नखे सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका.

बसताना पाय कमरेच्या उंचीला, गुडघा किंचित वाकवून, खाली आधार देऊन ठेवा. झोपताना पलंगाचा पायथा विटांनी उचला. नुसती उशी रात्रीत सरकते. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. टाचा उचलणे, चवडे उचलणे आणि घोटा गोल फिरवणे दिवसातून दोन-तीनदा करा. चप्पल रुंद, न घासणारी हवी.

पाय अचानक लाल, गरम, दुखरा झाला आणि थंडी वाजून ताप आला की व्यायाम बंद. गार पाण्याची ओली फडकी ठेवा, पाय उंच ठेवून आराम करा, भरपूर पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण प्रतिजैविक लागू शकते. शेक, मालीश, घट्ट पट्टी, चिरा पाडणे यांनी झटका चिघळतो. रुग्ण बरळू लागला, उलट्या थांबत नसतील किंवा पू दिसला, तर थेट रुग्णालय.

झटका ओसरला की धुणे चालूच ठेवा, व्यायाम मात्र दुखणे पूर्ण थांबल्यावर.