टर्फखालची काळी माती

जळगावात घरामागे पोरांसाठी ४४ बाय २० फुटांचं टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताचं, कोर्ट केलं, बॅडमिंटनच्या मापाचं. ठेकेदाराने काळ्या मातीवरच चार इंच मुरूम टाकला, रोलर फिरवला आणि टर्फ अंथरलं. पावसाळ्यात माती फुगून मधोमध उंचवटा आला. दिवाळीनंतर ती सुकली, खाली भेगा पडल्या आणि सांध्यांची टेप सुटली. चेंडू टाकला की भलतीकडेच पळायचा.

कपाशीची जमीन ती, ओली झाली की फुगणारच. घराचा पाया भरताना हे ध्यानात होतं, कोर्टाच्या वेळी विसरलो!

शेवटी टर्फ गुंडाळून दीड फूट माती उपसली. तळाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती नि मुरूम वेगळे ठेवणारं कापड, त्यावर मुरूम, पण थराथराने पाणी मारून दाबलेला. मग खडी, वरून कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. वीस फुटांत अडीच इंच उतार दिला, कडेला नाली काढली. सांधे नव्याने चिकटवले आणि सिलिका वाळू ब्रशने पात्यांत घोळवली. यंदाच्या पावसात दोरी लावून पाहिली, सपाट.

उन्हाचं मात्र वेगळंच. मे महिन्यात दुपारी टर्फवर अनवाणी पाय ठेवून बघा! पाणी मारलं तरी थोडाच वेळ बरं वाटतं. वर शेडनेट बांधली, तरी खेळ संध्याकाळी सहानंतरच.

आई अजून म्हणते, "एवढ्या जागेत भरताची वांगी लावली असती."