मांजर जेवतंय ना, मग दात ठीकच असतील: या चुका टाळा

"जेवते ना? मग काही नाही झालेलं तिला."

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात हे वाक्य जवळजवळ चार महिने कुणी ना कुणी रोज म्हणत होतं. कधी आई, कधी आजी, बऱ्याचदा मीच. आमची मांजर भुरी तेव्हा नऊ वर्षांची होती. सकाळी पोह्यांवर शेव भुरभुरायला घेतली की ती पायाशी येऊन बसायची आणि एखादी काडी खाली पडली की टिपायची. मग एके दिवशी तिने शेव हुंगली आणि सोडून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्हाला वाटलं, वयानुसार शहाणपण आलं. इंदूरमध्ये राहून कुणी शेव सोडतं का? तिथेच संशय यायला हवा होता.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्याकडे डोळे आम्ही मिटले होते. ज्या चुका आम्ही केल्या, आणि ज्या आता ओळखीपाळखीत होताना दिसतात, त्या इथे लिहिते आहे.

"खातेय" या शब्दावर विसंबणं

पहिली चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. दात दुखले म्हणून मांजराची भूक मरत नाही. पोटातली भूक आणि तोंडातलं दुखणं यांची रस्सीखेच चालते आणि कितीतरी महिने भूकच जिंकते. दुखणं लपवणं हा तर मांजराचा जातीस्वभाव. त्यामुळे मांजर खातं का, एवढंच पाहून भागत नाही. ते कसं खातं, हे बघायला हवं.

भुरी वाटीकडे धावत यायची, एक घास घ्यायची आणि वाटीवरच फिसकारून मागे सरायची. जणू वाटीनेच तिला चावलं होतं. मान एका बाजूला वाकडी करून चावायची. कोरड्या खाण्याचे दाणे तोंडातून गळायचे. पुढे पुढे तिने चावणंच सोडलं आणि दाणे अख्खे गिळायला लागली. तासाभराने ते तसेच्या तसे ओकून टाकायची आणि आम्ही "पोटात केसांचा गोळा झाला असेल" म्हणून पुसून घ्यायचो.

बाकीच्या खुणा तोंडापासून लांब असतात, म्हणून कुणी त्यांचा दातांशी संबंध लावत नाही. पाठीवरचे केस तेलकट, गुंतलेले दिसायला लागले, कारण चाटून साफ करायलाही तोंडच लागतं. पुढच्या पंजावर तपकिरी डाग पडला, तो लाळेचा होता. जांभई अर्धवट देऊन थांबायची. गालावर हात फिरवू द्यायची नाही.

वजनाचं तर आम्ही नावच काढलं नव्हतं. बाथरूममधल्या काट्यावर मांजराचे दोनशे-तीनशे ग्रॅम नीट कळत नाहीत. शेवटी रद्दीवाल्याच्या हुकाच्या काट्याला पिशवीत घालून लटकवलं (तो हसला, पण वजन नीट करून दिलं). ३.५ किलो. लसीच्या कार्डावर आधीचं वजन ४.२ लिहिलेलं होतं. साठ किलोचा माणूस पन्नासवर आला तर घरात काय धावपळ होईल? हे नेमकं तेवढंच होतं, सहावा हिस्सा. तेव्हापासून दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहितो.

"मांजराच्या तोंडाला वास येणारच"

नाही. निरोगी मांजराच्या तोंडाला जेवणाचा वास येईल, सडका येणार नाही. म्हाताऱ्या मांजराच्या तोंडाला वास येत असेल तर मूत्रपिंडं बिघडल्यानेही तो येऊ शकतो, म्हणून दातांसोबत रक्ताची तपासणी करावीच.

तोंड बघण्यासाठी जबडा उघडायच्या फंदात पडू नका. मांजर शांत बसलेलं असताना मागून हात नेऊन ओठाचा कोपरा अंगठ्याने वर उचला, दोन सेकंद पुरतात. मोठ्या मांजराला ३० दात असतात, पण गोष्ट बहुतेक दाढांपाशी दिसते. हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसली तर ती सुरुवात समजा. दातावर पिवळं-तपकिरी किटण दिसेल, पण किटण कमी आणि लाली भडक असंही असतं. हिरडीचा लाल ठिपका दातावर चढल्यासारखा दिसला तर दात आतून विरघळतो आहे. मोठ्या वयाच्या मांजरांत हे नेहमीचं आहे आणि ते माणसाच्या किडीसारखं सिमेंट भरून थांबत नाही. घशाच्या कोपऱ्यांपर्यंत सगळं लालभडक, फुललेलं असेल तर तोंडाचा जुना दाह, हा त्यातला सगळ्यात दुखरा प्रकार. डोळ्याखाली सूज असेल तर वरच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो. आणि एकाच बाजूला गाठ किंवा अचानक हललेला दात म्हाताऱ्या मांजरात दिसला, तर "दातच आहे" असं न म्हणता गाठीचा तुकडा तपासायला द्यावा. तोंडाचा कर्करोग असाच दिसतो.

एक सावधगिरी. लस न झालेलं, बाहेर फिरणारं मांजर अचानक लाळ गाळायला लागलं, त्याला गिळता येईना, किंवा वागणं बदललं, तर तोंडात बोट घालू नका, रेबीजही असू शकतो. आणि कोणतंही मांजर चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचा सुळा सुईसारखा खोल जातो, वरून भोक लहान दिसलं तरी आत पू धरतो.

घरातल्या औषधांचा डबा

आजीचा जीव भुरीत अडकलेला. तिने एके दुपारी लवंगेच्या तेलाची बाटली काढलीच. "मला दाढ दुखली की मी हेच लावते, हिला का नको?" मी नेमकी तेव्हा स्वयंपाकघरात होते म्हणून निभावलं. लवंगेच्या तेलातला युजेनॉल मांजराचं यकृत पचवू शकत नाही. माणसाला चालणारी कितीतरी रसायनं मोडून बाहेर टाकायची यंत्रणा मांजरात फार कमकुवत असते. आजीला मी एवढंच म्हटलं, "आजी, तिचं लिव्हर आपल्यासारखं नाही गं." तिने बाटली परत ठेवली, पण तोंड फुगवून.

याच कारणाने पॅरासिटॅमॉल मांजरासाठी विष आहे. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. काही तासांत हिरड्या करड्या-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा आणि गोळी दिली हे लाजेने लपवू नका. वेळेत पोचलात तर उतारा देता येतो. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनही नकोच. मेलॉक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध मांजरांना देतात हे खरं, पण माणसाची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची असते आणि मांजराला लागतो मिलिग्रॅमचा अंश. "थोडासा कोपरा तोडून दिला" यात मूत्रपिंडं जातात.

आपली टूथपेस्ट, मीठ-तुरटीचं पाणी, माउथवॉश यांतलं काहीच नको. मांजर चूळ भरत नाही, जे लावाल ते गिळतं.

इंजेक्शनच्या चकरा

यात आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि दिवस गेले. ज्या दवाखान्यात आधी न्यायचो तिथे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड, अशी दोन इंजेक्शनं मिळाली. दुसऱ्या दिवशी भुरी वाटीवर तुटून पडली. आम्ही खूश. तीन आठवड्यांनी परत तेच. असं तीनदा झालं, आणि दर खेपेला बरं राहण्याचे दिवस कमी होत गेले.

दाह आहे तो दातांभोवती साचणाऱ्या जिवाणूंच्या थरामुळे आणि सडलेल्या मुळांमुळे. औषधाने सूज उतरते, मूळ तिथेच राहतं. ओल न काढता भिंतीवर चुना मारण्यातला प्रकार. शिवाय पुन्हापुन्हा स्टेरॉइड दिल्याने मांजरांना मधुमेह होऊ शकतो. अँटिबायोटिक कधीच देऊ नये असं नाही. पू असेल, शस्त्रक्रियेआधी सांभाळायचं असेल, तर ते लागतं. पण दुसऱ्यांदा तेच इंजेक्शन घेताना विचारायला हवं होतं: "डॉक्टरसाहेब, याच्यापुढे काय? दातांचा एक्स-रे कधी काढायचा?" आम्ही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

डॉक्टर बदलायला संकोच करू नका. सगळ्याच दवाखान्यांत दातांच्या एक्स-रेची सोय नसते, म्हणून जाण्याआधी फोनवर तेवढं एकच विचारून घ्या. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय कॉलेज वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, तिथेही चौकशी करता येते. एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या विषाणूंची तपासणीही याच टप्प्यावर करून घ्यावी, पुढचा अंदाज त्यावर ठरतो.

भुलीची भीती

"या वयात भूल?" हे सगळ्यांनी विचारलं, शेजारच्या काकूंनीसुद्धा. वय हा आजार नाही. आधी रक्त तपासतात, मूत्रपिंड-यकृत बघतात, हृदय ऐकतात, गरज पडली तर सलाइनवर ठेवतात. जोखीम शून्य होत नाही, पण ती मोजता येते. तोंडात पू घेऊन वर्षभर राहण्याची जोखीम मात्र कुणी मोजत नाही.

भूल न देता किटण खरवडून देणारे भेटतात. स्वस्त पडतं, दात चकचकीत दिसतात. पण खरा आजार हिरडीच्या खाली असतो आणि जागं मांजर तिथे हात लावू देणार नाही, एक्स-रे तर लांबच. नुसतं वरचं पांढरं करून आपली समजूत निघते.

"सगळे दात काढणं म्हणजे क्रूरपणा"

नवीन डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं, "पीछे के सारे निकालने पड़ेंगे, मॅडम." मी रडले. आईने विचारलं, मग ही खाणार कशी?

खाते. मांजराचे दात शिकार धरायला आणि फाडायला असतात, दळायला नसतात. घरातल्या मांजराला उंदीर फाडायचा नसतो, वाटीतलं चाटायचं असतं. तोंडाच्या जुन्या दाहात दाढा, कधी कधी सगळेच दात काढतात, आणि साधारण दोन तृतीयांश मांजरांना त्याने चांगला आराम पडतो. काहींना त्यानंतरही औषध चालू ठेवावं लागतं, हे आधीच ऐकून घेतलेलं बरं. काढताना मूळ आत तुटून राहिलं तर दुखणं राहतं, म्हणून काढल्यावरही एक्स-रे घेतला का, हे विचारा. विरघळलेल्या दातांत काही वेळा मूळ हाडात मिसळून गेलेलं असतं, तिथे फक्त वरचा भाग काढतात, पण तो निर्णय एक्स-रे बघूनच होतो.

भुरीचे सुळे आणि पटाशीचे दात राहिले, दाढा सगळ्या गेल्या. पाचव्या दिवशी ती स्वतःहून पाठ चाटत बसली होती.

घरी आणल्यानंतर

इथे चुका घाईच्या होतात. दुखण्याचं औषध "आता बरी दिसते" म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद करू नका, सांगितलेले दिवस पुरे करा. डॉक्सीसायक्लीन या अँटिबायोटिकची गोळी असेल तर ती कोरडी कधीच देऊ नका. ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते, त्यामागून सिरिंजने पाच-सहा मिलिलीटर पाणी हळूहळू गालातून सोडा.

खाणं मऊ आणि कोमट, अंगाच्या उबेइतकं द्या, कोमट झालं की वास सुटतो. टाके विरघळेपर्यंत, साधारण दोन आठवडे, कोरडे दाणे नकोत. आमच्या घरात मांसाहार चालत नाही, पण दूध-पोळीवर मांजर भरून निघत नाही. शेवटी मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं ठेवून चिकन शिजवायचं, असा तह झाला. आजी तिकडे बघत नाही, पण "उकळलं का?" असं आतूनच विचारते. त्या पाण्यात कांदा-लसूण घालायचा नाही, दोन्ही मांजराच्या रक्तपेशी फोडतात. आणि शिजवलेलं हाड नको, कोणत्याही कारणाने.

घड्याळ मात्र कडक ठेवा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा. दोन-तीन दिवसांचा उपास मांजराच्या यकृतात चरबी साठवून त्याला मारू शकतो, जाड्या मांजराला जास्त धोका. अशा वेळी डॉक्टर मानेतून अन्ननलिकेत नळी घालायचं सुचवतील. दिसायला भयंकर दिसतं, पण जबरदस्तीने तोंडात सिरिंज कोंबण्यापेक्षा ते मांजराला पुष्कळ सोपं जातं.

ब्रश, पण आत्ता नाही

सुजलेल्या हिरडीवर ब्रश फिरवला की मांजर तो अनुभव जन्मभर विसरत नाही. आधी उपचार, जखमा भरल्यावर डॉक्टरांना विचारून सुरुवात. पहिला आठवडा नुसतं बोट ओठाला लावायचं, मग बोटाला मांजरांची पेस्ट लावून चाटू द्यायची, मग मऊ ब्रश, फक्त दातांच्या बाहेरच्या बाजूला. रोज जमलं तरच उपयोग, कारण दातावरचा मऊ थर काही दिवसांत दगडासारखा होतो.

भुरीला आता घासायला फारसं उरलेलं नाही. आमचा दोन वर्षांचा बोका मात्र या सरावात आहे. सध्या पेस्ट चाटतो आणि ब्रश पळवतो.