ऑप्टो लावूनही नॉईज पलीकडे जातो? एलईडीची बाजू तपासा

ऑप्टो म्हणजे ऑप्टोकप्लर: आतला एलईडी प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोहोचवतो, दोन बाजूंत तार नसते. "ऑप्टो लावला की नॉईज संपला" असं सांगणाऱ्यांनी चालता हाफ-ब्रिज (एकावर एक जोडलेले वरचा आणि खालचा असे दोन पॉवर स्विच) बहुधा स्कोपवर पाहिलेला नसतो. ऑप्टोत प्रकाशाखेरीज आणखी एक वाट असते. ६एन१३७ या नेहमीच्या ऑप्टोमध्ये दोन बाजूंतला कपॅसिटन्स साधारण ०.६ पिकोफॅरड. पलीकडचा ग्राउंड मायक्रोसेकंदाला १० किलोव्होल्ट वेगाने हलला की या वाटेने ६ मिलिअँपिअर वाहतात. एलईडी चालू व्हायला ५ पुरतात.

ऑप्टो आत शील्ड (दोन बाजूंमधला धातूचा आडपडदा) असलेलाच घ्या. डेटाशीटमधला कॉमन-मोडचा आकडा (दोन ग्राउंडमधला फरक किती वेगाने बदलला तरी आउटपुट चुकत नाही, तो) किमान रकान्यातला वाचा आणि तो किती व्होल्टवर मोजलाय तेही बघा. ५० व्होल्टवरचा आकडा ६०० व्होल्टच्या बसला (हाफ-ब्रिजच्या डीसी सप्लायला) लावू नका.

आता खरी अडचण. नेहमीच्या सर्किटमध्ये ॲनोड रेझिस्टरमधून ५ व्होल्टला आणि कॅथोड ओपन-कलेक्टर (फक्त ग्राउंडकडे ओढणाऱ्या) ट्रान्झिस्टरला असतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॅथोड लोंबकळत राहतो. हाफ-ब्रिजमधला खालचा आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) चालू होताच वरच्या बाजूचा ग्राउंड झपकन खाली येतो, कॅथोडमधून करंट ओढतो आणि बंद असायला हवा तो एलईडी क्षणभर पेटतो. मग वरचा आयजीबीटीही चालू, आणि फ्यूज गेला तर नशीब म्हणायचं. इथे शील्ड वाचवत नाही, कारण हा करंट शील्डमध्येच जातो.

म्हणून ट्रान्झिस्टर एलईडीला समांतर लावा. बंद करताना तो एलईडी शॉर्ट करून धरतो. रेझिस्टर सतत तापतो, तापू द्या. पुश-पुल ड्राइव्ह (वर-खाली दोन्हीकडे ओढणारा) असेल तर रेझिस्टर अर्धा ॲनोडला, अर्धा कॅथोडला. चालू असताना १० मिलिअँपिअर द्या, काठावर चालवू नका.

आउटपुटला मोठा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर लावायचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. सिग्नल उशिरा पोहोचतो आणि डेड-टाइम (दोन्ही आयजीबीटी बंद ठेवायची मधली फट) खाल्ला जातो.

बोर्डवर ऑप्टोखाली तांबं नको. आउटपुटच्या सप्लाय पिनांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक.

गेट सप्लायचा (वरच्या आयजीबीटीचं गेट चालवणाऱ्या वेगळ्या सप्लायचा) ट्रान्सफॉर्मर विसरू नका. त्याच्या वाइंडिंगमधला कपॅसिटन्स कित्येकदा ऑप्टोच्या दहापट-वीसपट असतो, मग ऑप्टो बदलून काहीच फरक पडत नाही.

तपासताना बसचा प्लस आणि दोन आयजीबीटींमधला बिंदू यांत इंडक्टर जोडा, वरचा एलईडी बंद ठेवा, खालच्या आयजीबीटीला छोटे पल्स द्या आणि बस व्होल्टेज हळूहळू वाढवा. वरच्या ऑप्टोच्या आउटपुटवर टाचणीएवढंही टोक दिसता कामा नये. प्रोब डिफरन्शियलच (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा, ग्राउंडला न जोडलेला) हवा. साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप तिथे लावलीत तर स्कोपच जाईल.