पावसाळ्यात कोल्हापुरी चप्पल पार्सलमध्ये बुरशी धरत होती, शेवटी हे केल्यावर थांबलं

जून ते सप्टेंबर कोल्हापूरहून ट्रान्सपोर्टनं माल गेला की पोचेपर्यंत अंगठ्यावर आणि तळाच्या शिवणीत पांढरी बुरशी, पट्टा बसलेला, आणि बॉक्स बाहेरून एकदम कोरडा. गिऱ्हाईकाचा फोटो आला की जीव जळायचा.

प्लास्टिक डबल केलं, बबल रॅप वाढवला, डांबरगोळ्या टाकल्या, तर उलट चपलेला त्याचाच वास. खरं कारण म्हणजे ओल बाहेरून येतच नव्हती. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं हवेतली ओल धरून ठेवतं, ती प्लास्टिकमध्ये कोंडते आणि रात्री ट्रक गार पडला की प्लास्टिकला आतून घाम धरतो.

आता असं करतो: तेल लावलं असेल तर आधी पूर्ण मुरू द्यायचं, मग दोन दिवस सावलीत फॅनखाली, उन्हात अजिबात नको, चामडं तडकतं. मग अंगठ्यात आणि पट्ट्याखाली कागदाचा बोळा, प्रत्येक पाय वेगळा साध्या खाकी कागदात (वर्तमानपत्र नको, शाई लागते), जोडामागं सिलिका जेलची (ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांची) एक पुडी, निळ्या दाण्यांची, गुलाबी झाली असली तर ओल भरलेली समजा आणि वापरू नका. पाच प्लायचा (पाच थरांच्या पुठ्ठ्याचा) बॉक्स, मोकळी जागा कागदानं गच्च, हलवून बघायचं, आवाज आला तर परत भरायचं. प्लास्टिक फक्त बॉक्सच्या बाहेरून. आत चिठ्ठी टाकतो, आल्या दिवशीच उघडून वाऱ्याला ठेवा म्हणून.