जुना सॅक्सोफोन पाहायला गेलात तर आधी कप्पा उघडा

जुना सॅक्सोफोन विकायचा आहे असा निरोप आला की मी पिशवीत भिंग, काचेचा सपाट तुकडा आणि मऊ फडकं टाकून मडगावहून निघतो. राय, लोटली, बाणावली या बाजूच्या घरांत, मुंबईच्या बँडमध्ये किंवा बोटीवर वाजवून परतलेल्यांच्या पेट्या अजून माळ्यावर असतात. सगळे पितळेकडे बघतात. मी पेटीतला छोटा कप्पा आधी उघडतो. वाजवणाऱ्याची आवडनिवड तिथे सापडते.

माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, प्रथम. काळा असेल तर अंगठ्याने जोरात घासून हुंगा. गंधकाचा वास आला तर एबोनाइट म्हणजे कडक रबर, नाहीतर बहुधा प्लास्टिक. वर दातांच्या खुणा असतील तर नाक मुरडू नका. मला त्या फार आवडतात. ओठ कुठे टेकायचे, तोंडात किती घ्यायचा, सगळं तिथे उमटलेलं असतं. टोक मात्र भिंगाखाली नीट बघा. तिथे बारीकसा टवका उडाला असला तरी सूर बिघडतो. मग रीड, म्हणजे कंप पावणारी पातळ पट्टी, बसते ती सपाट बाजू काचेवर ठेवा. ती डुगडुगली तर कुणीतरी घासलेली आहे किंवा वाकलेली आहे, आणि अंगावर कोरलेला टोकाच्या फटीचा नंबर खरा धरू नका. ब्रिलहार्ट कंपनीचा पांढरट टोनालिन माउथपीस मिळाला तर मागच्या नळीला चीर आहे का ते पाहा.

पहिला एबोनाइट माउथपीस मी गरम पाण्यात साबण घालून धुतला होता. काळ्याचा हिरवट-तपकिरी झाला आणि तो रंग कायमचा राहिला. पाणी गारच घ्या, ऊन दाखवू नका. चांदीच्या मुलाम्याच्या वस्तूंशेजारीही ठेवू नका, गंधकाने चांदी काळी पडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात पेटी महिनोन्‌महिने बंद राहते, तेव्हा हे जास्तच सांभाळा.

एंड प्लग हा गळ्याच्या, म्हणजे वरच्या वाकड्या नळीच्या, जागी बसणारा बुचासारखा तुकडा. लोक तो फेकून देतात, पण पेटी बंद असताना सप्तक बदलणारा ऑक्टेव्हचा दांडा वाकू न देण्याचं काम तोच करतो. त्याची लांबी मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून मूळचाच हवा. कॉन कंपनीच्या जुन्या अल्टो सॅक्सोफोनच्या गळ्यावर सूर जुळवायची फिरती कडी असते. ती अडकली असेल तर पक्कड लावू नका. तेलाचा थेंब सोडून रात्रभर थांबा. बुशर कंपनीच्या सॅक्सोफोनची भोकं झाकणाऱ्या पॅडवरच्या धातूच्या चकत्या दुरुस्तीवाल्याकडून मोजून परत घ्या. आवाज दबवणारी, मखमल गुंडाळलेली म्यूटची कडी क्वचित मिळते, तिला कसर लागलेली नाही ना एवढं बघा.

लायर म्हणजे चालता चालता वाजवताना नोटेशन धरणारा चाप. चर्चच्या फेस्ताच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्यांच्या पेटीत तो हमखास असतो. बाणावलीच्या एका लायरमध्ये मला पेन्सिलीने लिहिलेला अर्धा कागद अडकलेला मिळाला. चाप घट्ट गंजलाय. तो मी अजून उघडलेला नाही.