उणे तीसच्या गावाला निघताना: मराठवाड्यातून मिनेसोटाला जाणाऱ्यांसाठी

परभणीत पारा सहाच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात शेकोटीचा फोटो येतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी तापमान उणे 13 सेल्सिअसच्या आसपास असतं. जानेवारी 2019च्या लाटेत तिथं उणे 33 झालं होतं. राज्याचा नीचांक उत्तरेकडच्या टॉवर या गावाजवळचा, 2 फेब्रुवारी 1996 रोजीचा: उणे 51. हे आकडे ऐकून लातूर-नांदेडच्या घरांत जी चर्चा सुरू होते ती बहुतेक वेळा स्वेटरवर येऊन थांबते. खरं तर थंडीचा बंदोबस्त पैशानं होतो. अंधार, एकटेपणा आणि गाडीवरचं अवलंबित्व यांचा होत नाही. म्हणून ऑफर लेटरला हो म्हणण्याआधी हिशेब या तिघांचा करा.

जमेच्या बाजूला बरंच आहे. मेडट्रॉनिक, थ्रीएम, टार्गेट, बेस्ट बाय, युनायटेडहेल्थ, जनरल मिल्स, कारगिल या सगळ्यांचा कारभार मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातून चालतो आणि रोचेस्टरला मेयो क्लिनिक आहे. त्यामुळं एक नोकरी गेली तर गाव न बदलता दुसरी शोधता येते. व्हिसावर असणाऱ्याला ही गोष्ट पगाराच्या आकड्याइतकीच मोलाची. घरभाडं कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीच्या मानानं कमी. कपड्यांवर राज्याचा विक्रीकर नाही. आणि पाणी: 10 एकरांहून मोठी 11,842 तळी या एका राज्यात आहेत, मिसिसिपी नदी इथंच उगम पावते. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते दिवस काढलेल्या माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वजा बाजूला आधी राज्याचा आयकर. तो 5.35 टक्क्यांपासून 9.85 टक्क्यांपर्यंत चढतो. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर शून्य आहे, तेव्हा दोन ऑफरची तुलना करताना हातात पडणारा पगारच पाहा. भारतातून थेट विमान नाही. संभाजीनगरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून युरोप किंवा शिकागो, मग मिनियापोलिस असा प्रवास एक दिवस सहज खातो. हिवाळ्यात घड्याळाचा फरक साडेअकरा तासांचा, म्हणजे तुम्ही जेवायला बसता तेव्हा घरी सकाळची कामं चालू असतात.

कधी पोचायचं आणि घर कसं बघायचं

निवड तुमच्या हातात असेल तर ऑगस्ट किंवा सप्टेंबर. ऑक्टोबरपासून थंडी पायरीपायरीनं वाढते, शरीर आणि खरेदी दोन्ही तिच्याबरोबर चालतात, आणि गाडीचं लायसन्स बर्फाआधी हातात येतं. तिथं राहायला गेल्यापासून 60 दिवसांत मिनेसोटाचं लायसन्स काढावं लागतं. जानेवारीत पोचणाऱ्याची पहिली चाचणी बर्फावर होते, तीही उजव्या बाजूनं गाडी चालवायची सवय नसताना. रुजू होण्याची तारीख पुढं ढकलून मिळत असेल तर मागायला लाजू नका.

घर भाड्यानं घेताना चार प्रश्न विचारा. हीटिंग भाड्यात धरलंय का? गाडीला झाकलेली जागा आहे का, आणि ती गरम ठेवतात का? पार्किंगमधला बर्फ कोण काढतं? कपडे धुण्याचं मशीन घरात आहे की तळघरात की दुसऱ्या इमारतीत? गरम पार्किंगसाठी महिन्याला थोडे जास्त पैसे लागले तरी ते द्या. उणे पंचविसात सकाळी साडेसातला काच खरवडायची वेळ आली की हा खर्च डोळ्यांत खुपत नाही. कायद्यानं घरमालकाला 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल घरात किमान 68 फॅरनहाइट, म्हणजे 20 सेल्सिअस, उष्णता द्यावीच लागते. कमी मिळत असेल तर थर्मामीटरचा फोटो काढून लेखी तक्रार करा.

कपडे

भारतातून जाड जॅकेटांनी बॅग भरू नका. विमानतळापासून गाडीपर्यंत पुरेल असं एक जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे न्या, बाकी सगळं तिथं घ्या. आपल्या बाजारातलं जॅकेट मनालीच्या सहलीसाठी असतं.

कपडे तीन थरांत घालायचे. अंगाला चिकटणारा थर मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक. इथं सुती बनियन चालत नाही: सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. मधला थर फ्लीसचा. वरचा थर पिसांचा किंवा तशाच भरणाचा, मांडीपर्यंत लांब, वारा अडवणारा, टोपीसकट. बूट अर्ध्या नंबरानं मोठे घ्या, म्हणजे जाड मोजा घातल्यावरही बोटं हलतील. आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि लोकरी मोजा घालूनही पाय बधिर होतो. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मिटन जास्त गरम. आणि ज्या माकडटोपीला इकडं पोरं हसतात, तीच तिकडं बॅलाक्लाव्हा नावानं चांगल्या भावात विकली जाते. आजोबांची न्यायला हरकत नाही.

तापमानाबरोबर वाऱ्याचा आकडाही बघायचा. उणे 18 सेल्सिअस आणि ताशी 24 किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे 28सारखं लागतं आणि उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. कान, नाक किंवा बोट पांढरट, बधिर झालं तर चोळू नका, शेकोटी किंवा हीटरसमोर धरू नका. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. घरात येऊन अंघोळीला सोसेल इतक्या कोमट पाण्यात, 37 ते 39 अंशांत बुडवा, आणि रंग परत येत नसेल तर दवाखाना गाठा.

लहान मुलांचं एक वेगळं लक्षात ठेवा. फुगीर जॅकेट घालून कार-सीटचा पट्टा लावायचा नाही. धडक बसली की जॅकेटमधली हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटू शकतं. आधी पातळ फ्लीसवर पट्टा आवळा, मग जॅकेट उलटं करून वरून पांघरा.

गाडी

बॅटरी पहिली दगा देते. उणे 18ला तिची ताकद जवळपास निम्मी राहते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळं इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. तीन-चार वर्षांची जुनी बॅटरी असेल तर ऑक्टोबरमध्येच तपासून घ्या. टायरची हवा तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण 1 पीएसआयनं घटते, म्हणून पहिल्या थंडीत डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यात पंक्चर नसतं, हवा भरा. 7 अंशांखाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं. रोज हायवेनं जायचं असेल तर विंटर टायर चारही चाकांना घाला, पुढं दोनच घातले तर मागची बाजू घसरते. काच धुण्याचं पाणी उन्हाळी असेल तर टाकीतच गोठतं, बाटलीवर उणे 20 फॅरनहाइट किंवा त्याखालचा आकडा बघून घ्या. पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नका.

काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतायचा मोह नवख्या माणसाला हमखास होतो. काच तडकते. इंजिन चालू करून हवेचा झोत काचेवर सोडा आणि स्क्रेपरनं खरवडा, छतावरचा बर्फही पाडा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डिकीत फावडं, ब्लँकेट, जंपर केबल, टॉर्च, दाण्याची चिक्की आणि वाळूची किंवा मांजराच्या शी-शूसाठी मिळणाऱ्या दाणेदार मातीची (कॅट लिटर) पिशवी ठेवा. चाक जागेवर फिरायला लागलं की हीच वाळू त्याच्या पुढं टाकायची. रस्त्यात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा, तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवा, एक काच बोटभर उघडी ठेवा.

रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी मिनियापोलिसची स्नो इमर्जन्सी, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ काढता यावा म्हणून लागू होणारे पार्किंगचे नियम, समजून घ्यावी. ती जाहीर झाली की पहिल्या रात्री मुख्य मार्ग मोकळे ठेवायचे, दुसऱ्या दिवशी इतर रस्त्यांची सम क्रमांकाच्या घरांकडची बाजू, तिसऱ्या दिवशी विषम. चुकलात तर दंड होतो आणि गाडीही उचलून नेतात. शहराकडून येणारे संदेश फोनवर चालू करून ठेवा. स्वतंत्र घर असेल तर बर्फ थांबल्यापासून 24 तासांत समोरचा फुटपाथ साफ करणं तुमच्याकडं.

घर आणि स्वयंपाक

मराठवाड्यातल्या माणसाला सगळ्यात जड जाणारी गोष्ट नळाची. टपटपणारा नळ दिसला की आपला हात आपोआप बंद करायला जातो. तिथं कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ मुद्दाम बारीक सोडून ठेवायचा आणि ओट्याखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायची, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते. पाणी गोठलं की फुगतं, पाइप फाटतो, आणि वितळल्यावर भिंतीतून धार लागते. सुट्टीत भारतात येताना हीटिंग पूर्ण बंद करू नका. 55 फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 13 सेल्सिअसच्या, खाली जायचं नाही. पाण्याची मुख्य तोटी कुठं आहे ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. बागेच्या नळाची नळी ऑक्टोबरात काढून घ्या.

हीटिंगमुळं घरातली हवा एप्रिलमधल्या बीडपेक्षा कोरडी होते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता 30 ते 40 टक्के ठेवा. उणे वीसच्या खाली ती आणखी उतरवा, नाहीतर खिडकीच्या आतून बर्फ जमतो आणि चौकट बुरशी धरते. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा जाड क्रीम लावा. खोबरेल तेल सगळा हिवाळा बाटलीत दगड होऊन बसतं, तेव्हा ते रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा.

फोडणीचा धूर आणि स्मोक अलार्म यांचं वैर कायमचं आहे. बऱ्याच घरांतला चिमणीचा पंखा धूर बाहेर टाकतच नाही, गाळून परत खोलीत सोडतो. मोहरी टाकण्याआधी खिडकी बोटभर उघडा, तेल धुरावू देऊ नका, आणि जॅकेटं ज्या कपाटात आहेत त्याचं दार लावा. पिसांच्या जॅकेटात शिरलेला लसणाचा वास ऑफिसपर्यंत सोबत येतो. अलार्मची बॅटरी मात्र काढायची नाही.

ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण कधी दळलेलं असतं ते देव जाणे. जुनं पीठ चिकटपणा सोडतं आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. अशा पिठाला उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग मळा. काचेच्या शेगडीवर आर नसल्यानं भाकरी तव्यावरच फडक्यानं दाबत फुगवावी लागते. दही ओव्हन बंद ठेवून आतला दिवा लावला की रात्रभरात लागतं. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी इकडून न्या. मेथी-वांग्याचं बियाणं बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात आणि न सांगितल्यास दंडही होऊ शकतो.

अंधार

डिसेंबरच्या शेवटी मिनियापोलिसचा दिवस पावणेनऊ तासांचा. ऑफिसला जाताना अंधार, सुटताना अंधार. आपल्याकडं त्याच सुमारास येळवसेला सगळं गाव शेतात जेवायला गेलेलं असतं, आणि त्या दिवशीचा व्हिडिओ कॉल अनेकांना उणे तीसपेक्षा जड जातो. नोव्हेंबरपासून झोप वाढणं, गोड खावंसं वाटणं, कुणाला भेटू नये असं वाटणं ही हिवाळी उदासीची लक्षणं आहेत, त्याला आळस म्हणून सोडून देऊ नका. 10,000 लक्सचा दिवा मिळतो; सकाळी उठल्यावर 20 ते 30 मिनिटं, हात-दीड हातावर तिरका ठेवून, त्याच्याकडं थेट न बघता बसायचं. डोळ्यांचा किंवा मनाचा आजार आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारून. ड जीवनसत्त्व भारतातून निघण्याआधीच तपासून घ्या. दुपारी पंधरा मिनिटं बाहेर पडा. मेपल ग्रोव्हचं हिंदू मंदिर किंवा मराठी मंडळातले कार्यक्रम, यांपैकी कुठं तरी नोव्हेंबरच्या आत ओळख काढा; जानेवारीत नवीन ओळखी होत नाहीत, जो तो घरात असतो.

आई-वडिलांना बोलवायचं तर मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात त्यांना ना फाटकाशी उभं राहता येतं, ना शेजारी कुणी बोलायला. यावंच लागलं तर ब्लूमिंग्टनच्या मॉल ऑफ अमेरिकात सकाळी आत चालायला नेता येतं. मिनियापोलिसच्या डाउनटाउनमध्ये इमारती जोडणारे काचेचे स्कायवे आहेत, सुमारे 15 किलोमीटरचे. वडिलांच्या हातात फावडं मात्र देऊ नका. थंडीत एकदम जड बर्फ उचलणं हृदयाला झेपत नाही.

बर्फ गेल्यावर

तळ्यावर लोक चालताना दिसतात म्हणून पाऊल टाकू नका: साफ, नवा बर्फ किमान 4 इंच हवा, आणि मार्चमधला मऊ पांढरा बर्फ तेवढा असूनही धोक्याचा. एप्रिलमध्ये रस्त्यांना खड्डे पडतात, आपल्या लोकांना ते घरच्यासारखे. मिठामुळं गाडीचा खालचा पत्रा गंजतो, तो पाण्यानं धुवून घ्या. जाड जॅकेट पुढच्या वर्षासाठी घ्यायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानं माल काढतात तेव्हाच. कोथिंबीर, मिरची, वांगी मेच्या मध्यापर्यंत बाहेर लावू नका, उशिराचं कडक हिव पडलं की रोप एका रात्रीत काळं होतं. जूनमध्ये साडेपंधरा तासांचा दिवस आणि त्याच्याबरोबर डास. उंच गवतातून आलात तर गुडघ्यामागं, काखेत, केसांत गोचीड बघा. चिकटलेली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा गोल लाल चट्टा आला तर लाइम या गोचिडीतून होणाऱ्या आजारासाठी डॉक्टरांना दाखवा.