ग्रुपसाठी पुस्तकांची एकत्र यादी कशी करायची (नाशिकच्या पक्षीवाल्यांसाठी, पण बाकीच्यांनाही चालेल)

ऑक्टोबर संपत आला की आपल्याकडच्या पक्षीवाल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर नवीन लोक यायला लागतात, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात थंडीचे पाहुणे उतरायला लागलेले असतात, कुणीतरी चक्रवाकाचा फोटो टाकलेला असतो, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला, सुरुवातीला कुठलं पुस्तक घेऊ? मग जो तो एकेक नाव टाकतो, कुणी नुसता कव्हरचा फोटो, कुणी "सलीम अली घे" एवढंच, कुणी पीडीएफ, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं फोटोंच्या खाली गाडलं जातं. पुढच्या आठवड्यात दुसरा नवीन माणूस, तोच प्रश्न, आणि आता उत्तर द्यायचा सगळ्यांना कंटाळा आलेला असतो. त्या माणसाला वाटतं आपल्याला कुणी विचारत नाही. हे मला फार लागतं, कारण अशी माणसं दोन महिन्यांत ग्रुप सोडून जातात.

म्हणून यादी करा. ट्रेकवाले, गच्चीवर बाग करणारे, सायकलवाले, कुणाचाही ग्रुप असो, पद्धत हीच राहील.

शीट उघडायच्या आधी ग्रुपवर एक गोष्ट ठरवून घ्या, पुस्तक यादीत कशामुळे येणार. माझं म्हणणं असं की ज्याने ते स्वतः वाचलंय किंवा वापरलंय त्यानेच सुचवायचं, आणि का सुचवतोय त्याची एक ओळ लिहिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. ह्यावर अजिबात सूट देऊ नका. नुसती नावं तर कुठल्याही दुकानाच्या साइटवर शेकड्यांनी मिळतात, आपल्याच पाणवठ्यांवर फिरणारा माणूस त्या पुस्तकाबद्दल काय सांगतो ते तिथे मिळत नाही.

आता ती ओळ कशी हवी. "अप्रतिम पुस्तक, संग्रही असावं असं" ह्याचा नवीन माणसाला काडीचा उपयोग नाही. "पाणपक्षी ओळखायला चांगलं, बदकं उडताना कशी दिसतात त्याची चित्रं आहेत, पण जड आहे, गळ्यात दुर्बीण असताना हातात धरवत नाही, गाडीत ठेवा" ही शिफारस झाली. लोकांना असं लिहायला सुचत नाही म्हणून तीन प्रश्न विचारा: कुणासाठी आहे, तुम्ही ते कशासाठी वापरलं, आणि त्यात काय कमी आहे. तिसरा प्रश्न सोडू नका. आपल्याकडे पुस्तकाबद्दल वाईट बोलणं लोकांना जड जातं, विशेषतः लेखक मोठा असेल तर, पण "चित्रं छान आहेत, मराठी नावं नाहीत" हे सांगण्यात कुणाचा अपमान होत नाही, उलट आठवीतल्या मुलासाठी पुस्तक शोधणाऱ्या आईला नेमकं तेच हवं असतं.

आणि स्टार देऊ नका, पाचपैकी चार वगैरे. एकमेकांना ओळखणाऱ्या ग्रुपात सगळ्यांना चार नाहीतर पाचच मिळतात.

शीट साधी गूगल शीट पुरते. रकाने कमी ठेवा, कारण नव्वद टक्के लोक फोनवरच बघणार आणि फोनवर आडवं सरकवत बसायला कुणाला आवडत नाही. अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा, आवृत्तीचं वर्ष, कुणासाठी, प्रकार, ती एक ओळ, कुणी सुचवलं, कुठे मिळेल. एवढंच. "कुणासाठी" आणि "प्रकार" मध्ये लोकांना टाइप करू देऊ नका, ड्रॉपडाउन लावा, नाहीतर एक जण "नवशिके" लिहितो, दुसरा "बिगिनर", तिसरा "सुरवातीला", आणि मग फिल्टर लावला की निम्मी पुस्तकं गायब. प्रकारात आमच्या विषयासाठी चार पुरतात: ओळखायचं पुस्तक, संदर्भाचं, वाचायचं म्हणजे ललित किंवा अनुभव, आणि मुलांचं. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश संदर्भात जाईल, त्यांची जंगलातल्या दिवसांवरची पुस्तकं वाचायच्या गठ्ठ्यात. हे वेगळं केलं नाही तर कुणीतरी कोश घेऊन पहाटे नांदूरमध्यमेश्वरजवळच्या चापडगावला पोचेल आणि समोर उडालेला पक्षी पान उलटेपर्यंत निघून जाईल.

नावं लिहिताना मराठी पुस्तक मराठीत, इंग्रजी पुस्तक कव्हरवर जसं छापलंय तसं. अनुक्रमांक एकदा दिला की बदलायचा नाही, मधलं एखादं पुस्तक काढलं तरी नाही, का ते शेवटी कळेल.

आवृत्तीच्या रकान्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण तोच सगळ्यात जास्त लोक गाळतात. सलीम अलींचं बुक ऑफ इंडियन बर्ड्स पहिल्यांदा १९४१ साली आलं, त्यानंतर त्याच्या कितीतरी सुधारित आवृत्त्या निघाल्या, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानातली प्रत आणि नवी प्रत ह्यात भरपूर फरक आहे. शिवाय पक्ष्यांची इंग्रजी नावंच बदलत राहतात. आपली जांभळी पाणकोंबडी घ्या, जुन्या पुस्तकात ती पर्पल मूरहेन आहे, नंतरच्यात पर्पल स्वॅम्पहेन, आणि आता ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या अॅपवर, शोधायला गेलात तर ग्रे-हेडेड स्वॅम्पहेन. नवीन पोराने आजोबांची प्रत काढली आणि अॅपमध्ये ते नाव सापडलं नाही तर त्याला वाटणार आपलंच चुकलं. त्याच्यासाठी ओळीत एवढं लिहून ठेवा, "जुनी आवृत्ती, इंग्रजी नावं बदललीत, चित्रं आणि वर्णन अजून कामाचं". जमलं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, पण टाका, २००७ पासून तो तेरा आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा आकडी दिसेल, आणि खूप जुन्या मराठी पुस्तकांवर बऱ्याचदा नसतोच, तिथे प्रकाशक आणि साल लिहिलं तरी भागतं.

सगळ्यांना शीटमध्ये लिहायची परवानगी देऊ नका. बसमध्ये फोनवर उघडली, अंगठा लागला, अख्खी रांग पुसली, असं होणारच. सगळ्यांना फक्त बघायची परवानगी, सुचवायला गूगल फॉर्म, आणि दोन जण संपादक. फॉर्ममधून आलेलं वेगळ्या टॅबमध्ये पडतं, ते तिथेच राहू द्या, नीट करून मुख्य टॅबमध्ये आणा. एकच पुस्तक तिघांनी सुचवलं तर रांग एकच ठेवायची पण तिघांच्या ओळी नावासकट खाली खाली लिहायच्या, शिकवणी घेणाऱ्या मावशींना ते पुस्तक वेगळ्या कारणासाठी आवडतं आणि फोटोग्राफर दादाला वेगळ्या, दोन्ही कारणं कामाची. संपादक दोन हवेतच, एकाची परगावी बदली झाली म्हणून यादी बंद पडायला नको. काही गडबड झालीच तर कॉम्प्युटरवर व्हर्जन हिस्टरी उघडून आधीची शीट परत आणता येते.

फॉर्म न भरणारी माणसं हीच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त वाचलेली असतात. साठी ओलांडलेले काका लोक, तीस-तीस वर्षं गंगापूर धरणाच्या कडेने फिरलेले. त्यांना लिंक पाठवून काही होणार नाही. सकाळी पक्षी बघून परतताना मिसळीला बसलात की विचारा, "काका, ते मघाशी तुम्ही शिकारी पक्ष्यांचं पुस्तक म्हणत होतात, ते का आवडलं तुम्हाला?" आणि ते बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, किंवा व्हॉइस नोट मागा, व्हॉइस नोटमध्ये माणूस मोकळं बोलतो. लिहिलेलं त्यांना एकदा वाचून दाखवा आणि मगच नावाने टाका.

"कुठे मिळेल" ह्या रकान्यावरून यादी वापरली जाईल की नुसती पडून राहील ते ठरतं, कारण चित्रांची पुस्तकं महाग असतात आणि कॉलेजच्या मुलाला विकत घ्या म्हणणं सोपं नाही. आपल्या नाशिकला १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, आहे, तिथे जाऊन यादीतलं काय काय आहे ते एकदा कुणीतरी विचारून यायचं, आणि रकान्यात "सावानात आहे" एवढंच न लिहिता कधी बघितलं तो महिनाही लिहायचा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ग्रंथ तुमच्या दारी योजनेची पुस्तकांची पेटी तुमच्या सोसायटीत किंवा ऑफिसात येत असेल तर ती पण उघडून बघा. ग्रुपमधल्या कुणाकडे प्रत असेल आणि तो द्यायला तयार असेल तर "ग्रुपवर विचारा" एवढंच लिहा, नाव-नंबर-पत्ता शीटमध्ये नको, लिंक कुठून कुठे जाते आपल्याला कळत नाही. उसनं दिल्याघेतल्याचा हिशोब ह्या यादीत मिसळू नका, एक पुस्तक परत आलं नाही की वाद सुरू होतात आणि राग यादीवर निघतो.

पीडीएफचं काय, तर नाही. भारतात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. सलीम अली १९८७ साली गेले, म्हणजे त्यांच्या लिखाणावर २०४७ संपेपर्यंत हक्क आहेत, आणि चित्रकारांचे हक्क वेगळे. मराठीत निसर्गावरचं पुस्तक काढायला प्रकाशकाला किती धडपड करावी लागते ते बघितलं तर फुकट फाइल फिरवणं बरोबर वाटत नाही. ज्यांचे हक्क संपलेत त्यांची लिंक मात्र खुशाल द्या. ईएचए नावाने लिहिणाऱ्या एटकनचं कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे १९०० सालचं आहे, लेखक १९०९ मध्येच गेले, असली जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर शोधा. ग्रुपमधल्याच कुणी पुस्तक लिहिलं असेल तर आनंदच आहे, पण ते दुसऱ्या कुणीतरी वाचून सुचवायचं, स्वतःचं स्वतः नाही.

यादी वाढली की नवीन माणूस परत गोंधळतो. देशात १३०० च्या वर जातींचे पक्षी, त्या सगळ्यांचं जाडजूड पुस्तक पहिल्याच दिवशी हातात दिलं तर शेकाट्या शोधताना तो हिमालयातल्या पक्ष्यांत हरवतो. म्हणून पहिला टॅब "आत्ताच सुरुवात केलीये" असा ठेवा, त्यात फार तर सहा पुस्तकं, निम्मी तरी मराठी, एक मुलांसाठी, एक असं जे वाचनालयात नक्की मिळतं. सातवं घालायचं तर एक काढा. ह्यावर ग्रुपवर भांडण झालं तरी चालेल, कुठलं काढायचं ह्या वादातूनच फार चांगल्या ओळी मिळतात.

साफसफाई वर्षातून एकदा पुरते. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, पाचला चितमपल्लींची जयंती, बाराला सलीम अलींची, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पुस्तकांकडे असतंच. छापायचं बंद झालेल्या पुस्तकांपुढे तसं लिहा, पण यादीतून काढू नका, वाचनालयात ती असू शकतात. नवीन आवृत्ती आली असेल तर साल बदला आणि ओळ लिहिणाऱ्याला विचारा, तुझं म्हणणं अजून तेच आहे का.

लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका, पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. आणि नवीन माणसाने विचारलं की नुसती लिंक फेकू नका. आधी विचारा कुठे फिरायला जाता, मराठी वाचायला आवडेल का इंग्रजी, घरात लहान मुलं आहेत का, आणि मग लिहा, "ताई, पहिल्या टॅबमधलं ४ नंबरचं आणि मुलासाठी १७ बघा, १७ सावानात आहे, मी मागच्याच महिन्यात विचारून आलोय."